पहिल्या बैठकीला जाण्यापूर्वी: दारू सोडू पाहणाऱ्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे दारूच्या व्यसनाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे निरनिराळ्या गावांहून आली असली तरी बहुतेकांची अडचण एकाच जागी आहे. मदतगटाचे नाव ऐकलेले आहे, कोणीतरी जायला सांगितलेलेही आहे, पण तिथवर पाऊल पडत नाही. पत्रलेखकांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

प्रश्न: ताई, मी ४१ वर्षांचा असून नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करतो. बरीच वर्षे रोज पितो. सकाळी हात थरथरतात, म्हणून कामावर जाण्याआधीच थोडी घ्यावी लागते. यकृताला सूज असल्याचे सांगून डॉक्टरांनी ‘एए’च्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस या मदतगटाच्या) बैठकांना जायला सांगितले आहे. तिथे नेमके काय चालते, पत्ता कुठे मिळतो, सर्वांसमोर बोलावे लागते का, ओळखीचे कोणी भेटले तर काय करायचे, हे कोणाला विचारायचीही लाज वाटते. शिवाय मी देव फारसा मानत नाही. माझ्यासारख्याला उपयोग होईल का?

उत्तर: तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती सकाळची थरथर, म्हणून आधी तिच्याविषयीच लिहिते. हात थरथरणे आणि दारू पोटात गेल्यावरच ते थांबणे, याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून झाले आहे. अशा माणसाने घरीच, स्वतःच्या हिमतीवर, एका रात्रीत दारू बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नसलेली माणसे दिसणे, दिवस-रात्र न कळणे, घाम, ताप आणि कमालीची अस्वस्थता अशी भ्रमाची अवस्था येऊ शकते. वेळीच उपचार मिळाले नाहीत तर ती जिवावर बेतते. ‘शपथ घेतली, माळ घातली, आजपासून बंद’ म्हणणाऱ्या धडधाकट माणसांना तिसऱ्या दिवशी रुग्णालयात आणावे लागते, याचे कारण हेच असते. तेव्हा दारू बंद करण्याचा दिवस तुम्ही एकट्याने ठरवू नका. आधी मानसोपचारतज्ज्ञांना किंवा सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागाला भेटा. तेथे काही दिवसांची औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हा टप्पा सुरक्षितपणे पार करता येतो, आणि दाखल व्हायचे की घरी राहून उपचार घ्यायचे हेही तेच ठरवतील.

बैठकीला मात्र त्यासाठी थांबण्याची गरज नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, या संघटनेत येण्याची एकच अट आहे आणि ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. दारू सुटलेली असलीच पाहिजे अशी अट तिथे नाही. नाव नोंदवणे, अर्ज भरणे, फी देणे, ओळखपत्र दाखवणे यांपैकी काहीही तिथे नसते. बैठकीच्या अखेरीस खर्चासाठी एक पिशवी फिरते, तीत सदस्य आपल्या ऐपतीप्रमाणे पैसे टाकतात आणि नवख्याने काही टाकावे अशी अपेक्षा नसते. ही संघटना बाहेरच्या कोणाकडून देणगी घेत नाही, त्यामुळे तुम्ही तिथे कोणाच्या उपकाराखाली येत नाही.

पत्ता मिळवणे तुम्हाला वाटते तितके अवघड नाही. एएच्या भारतातील संकेतस्थळावर राज्य आणि शहरानुसार गटांची माहिती असते, आणि संघटनेचे देशपातळीवरचे कार्यालय मुंबईत भायखळ्याला आहे. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची विनाशुल्क मदतवाहिनी आहे. तेथे उपचारकेंद्रांची चौकशी करता येते. तुमच्या डॉक्टरांनाही पुन्हा विचारा, कारण गटातील जुन्या सदस्यांचे फोन नंबर त्यांच्याकडे असण्याची शक्यता बरीच असते. जाण्याआधी फोन जरूर करा. बैठका बहुधा शाळेच्या वर्गात, चर्चच्या सभागृहात किंवा समाजमंदिरात भरतात. सुट्टीच्या दिवसांत जागा किंवा वेळ बदलते आणि नवखा माणूस कुलूपबंद दारावरून परत फिरतो. असा परत फिरलेला माणूस सहसा थेट गुत्त्यावर जातो, म्हणून हे मुद्दाम सांगते. फोनवर ‘मी पहिल्यांदाच येतो आहे’ एवढे म्हणालात तरी कोणीतरी दाराशी तुमची वाट पाहत थांबेल.

आता आत काय चालते ते सांगते. काही बैठका खुल्या असतात, त्यांना घरचे लोक, विद्यार्थी, डॉक्टर असे कोणीही येऊ शकते; बंद बैठका फक्त दारूचा प्रश्न असलेल्यांसाठी असतात. खुल्या बैठकांना मी अनेकदा गेले आहे. महापालिकेच्या शाळेतला चौथी-पाचवीचा वर्ग, मुलांच्या मापाच्या बाकांवर गुडघे कसेबसे मावून बसलेली मोठी माणसे, फळ्याच्या कडेला टांगलेले एएच्या कार्यक्रमातील बारा पायऱ्यांचे कापडी फलक आणि सर्वांच्या हातात चहा. सुरुवातीला प्रार्थना आणि थोडे वाचन होते. मग एकेक जण बोलतो: आपले पहिले नाव, ‘मी मद्यपी आहे’ एवढी ओळख, आणि पुढे स्वतःच्या पिण्याची व न पिण्याची हकिगत. एकाचे बोलणे चालू असताना दुसरा मध्ये बोलत नाही, संपल्यावर कोणी उपदेश करीत नाही, वाद घालीत नाही. तुमच्यावर पाळी आली तर ‘आज मी फक्त ऐकायला आलो आहे’ म्हणण्याची पूर्ण मुभा असते. साधारण तास-दीड तासात बैठक आटोपते. माझे म्हणणे असे की नवख्या माणसाच्या दृष्टीने खरी बैठक त्यानंतर, बाहेर उभे राहून बोलताना होते. तिथे फोन नंबर मिळतात, आणि संध्याकाळी सातच्या सुमारास घसा कोरडा पडू लागला की फोन करायला माणूस मिळतो. तेव्हा बैठक संपताच चपला घालून निघून जाऊ नका.

उपदेश न करण्याची ही रीत संघटनेच्या जन्मापासूनची आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन या गावी १९३५ साली शेअर बाजाराशी संबंधित एक गृहस्थ आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही दारूपुढे हात टेकलेले, एकमेकांशी बोलत बसले. आणि डॉक्टरांच्या, धर्मगुरूंच्या व बायकोच्या समजावण्याने जे झाले नव्हते ते दुसऱ्या मद्यप्याशी बोलल्याने होऊ शकते, हे त्यांच्या ध्यानात आले. भारतात ही चळवळ १९५७ साली आली. मद्यपाश हा आजार आहे, तो आटोक्यात ठेवता येतो, आणि आज प्यायची नाही एवढेच आज ठरवायचे, ही तिथली समज आहे. जन्मभराची प्रतिज्ञा तिथे कोणी मागत नाही.

ओळखीचे कोणी भेटले तर? अंबडसारख्या ठिकाणी ते अशक्य नाही. पण त्या खोलीत बसलेला ओळखीचा माणूस तुमच्याच कारणासाठी आलेला असतो, आणि इथे कोण दिसले, कोण काय बोलले, हे बाहेर न सांगण्याचा नियम त्यालाही तितकाच हवा असतो. हा कायद्याने बांधलेला करार नसल्याने पहिल्या काही बैठकांत मालकाचे नाव, पैशांचे व्यवहार, घरातील नाजूक गोष्टी सांगू नका. तसे सांगण्याची गरजही नसते. तरीही मन घेत नसेल तर सुरुवातीला शहराच्या दुसऱ्या टोकाचा गट निवडा. एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. तुमचे पिणे सहकाऱ्यांना, शेजाऱ्यांना आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याला ठाऊक असण्याचीच शक्यता अधिक आहे. लोकांना नवे कळलेच तर ते तुमचे सोडणे असेल.

देवाविषयी तुम्ही प्रामाणिकपणे विचारलेत. बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा आणि आपल्याहून मोठ्या शक्तीचा उल्लेख आहे, हे खरे. पण ‘आपल्याला जसा समजला तसा ईश्वर’ अशीच तेथील शब्दयोजना आहे, आणि गटालाच ती मोठी शक्ती मानणारे नास्तिक सदस्य जगभर आहेत. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहिलात तर कोणी हरकत घेणार नाही. तरीही ती भाषा तुम्हाला अजिबात पटली नाही, तर व्यसनमुक्ती केंद्रांच्या पाठपुरावा सभा हा पर्याय आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण आणि फादर जो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत सुरू केलेले कृपा फाउंडेशन या दोन जुन्या संस्था आहेत. त्यांच्याकडे चौकशी केल्यास आपल्या भागातील सोयीची माहिती मिळू शकेल.

उपयोग होतो का, याचे उत्तर केवळ अनुभवावर सोडण्याची गरज आता राहिलेली नाही. २०२० साली वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसे यांचा विचार केला होता. एएकडे पद्धतशीरपणे वळवणारे बारा पायऱ्यांचे उपचार घेतलेल्यांमध्ये पूर्णपणे दारूमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण इतर मान्यताप्राप्त मानसोपचार घेतलेल्यांपेक्षा अधिक आढळले. सर्वांनाच गुण येतो असा याचा अर्थ नाही. पण एका बैठकीवरून निकाल देऊ नका. महिनाभर, आठवड्यातून निदान दोन-तीन बैठका आणि शक्य तर दोन वेगळे गट एवढे करून पाहा. गटागटाचा स्वभाव फार वेगळा असतो.

आणि एक सूचना. ‘गोळ्या घेणे म्हणजे खरे सोडणे नव्हे’ असे म्हणणारा एखादा सदस्य भेटू शकतो. संघटनेची स्वतःची भूमिका तशी नाही; सदस्यांनी डॉक्टर होऊ नये असेच तिचे सांगणे आहे. नैराश्याची, झोपेची किंवा दारूची ओढ कमी करणारी औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

प्रश्न: ताई, माझे वय ३६, आम्ही सांगली जिल्ह्यात राहतो. मालक रोज पिऊन येतात. बैठकीचा विषय काढला की ताट भिरकावतात. एका ओळखीच्या बाईंनी दारू सोडवायची पावडर आणून दिली, ती मी महिनाभर त्यांच्या आमटीत घालते आहे. परवा त्यांना भयंकर उलट्या झाल्या आणि छातीत धडधड होऊन ते लालबुंद झाले. मी घाबरले आहे. पावडर चालू ठेवू का? त्यांना गटात कसे न्यावे?

उत्तर: ती पावडर आजच बंद करा, आणि घरात कोणाच्या हाती लागेल अशी ठेवू नका. ती तपासल्याशिवाय तिच्यात काय आहे हे कोणालाच सांगता येणार नाही, पण तुम्ही वर्णन केलेली लक्षणे डायसल्फिराम या औषधावर दारू घेतल्यावर होतात तशी आहेत. हे औषध दारूचे पचन अर्ध्यावर अडवते, त्यामुळे शरीरात विषारी पदार्थ साठतो. चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, आणि हृदय किंवा यकृत आधीच दुबळे असेल तर माणूस दगावू शकतो. डॉक्टर हे औषध देतात, पण तपासण्या करून, रुग्णाला सर्व समजावून आणि त्याच्या संमतीने देतात. चोरून देण्याचा सल्ला कोणी दिला, मग तो जाहिरातीतून असो की शेजारणीकडून, तरी तो मानू नका. तुमचे पती पुढचे काही दिवसही प्याले तर पुन्हा असेच होऊ शकते, कारण या औषधाचा परिणाम बंद केल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत टिकतो. त्यांना डॉक्टरांना दाखवा आणि पावडरीचे खरे सांगा. तुम्ही हे त्यांचे वाईट व्हावे म्हणून केलेले नाही, हे कोणताही समंजस डॉक्टर ओळखेल.

त्यांना गटात कसे न्यावे, यापेक्षा तुम्ही स्वतः गटात कधी जाता, हे मला अधिक निकडीचे वाटते. मद्यप्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना १९५१ पासून आहे, आणि किशोरवयीन मुलांसाठी तिचेच अलाटीन नावाचे गट असतात. तिथे नवऱ्याला सुधारण्याच्या युक्त्या शिकवत नाहीत. त्याने लपवलेल्या बाटल्या शोधणे, कारखान्यात फोन करून ‘त्यांना ताप आहे’ सांगणे, उधारी फेडणे, या कामांत बायकोचे आयुष्य कसे संपून जाते, हे तिथे बायकाच बायकांना सांगतात, आणि त्यातले कोणते काम आपण थांबवू शकतो हे हळूहळू कळत जाते. नवरा एक दिवसही सोबर, म्हणजे दारूविना, राहत नसताना तिथे जाता येते. मुक्तांगणमध्येही व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. सांगलीजवळ गट मिळाला नाही तर ऑनलाइन बैठकांची चौकशी करा.

पतीशी बोलायचे तर ते पिऊन आलेले असताना मुळीच बोलू नका. सकाळी, मुलांना समोर न ठेवता, एकदाच आणि थोडक्यात बोला: ‘परवा तुमची अवस्था बघून मी घाबरले. मी अमुक दिवशी खुल्या बैठकीला जाणार आहे, तुम्ही आलात तर बरे वाटेल.’ ते नाही म्हणाले तरी तुम्ही ठरल्याप्रमाणे जा. तुमच्या जाण्याने ते उद्याच तयार होतील असे वचन मी देत नाही. ताट भिरकावण्यापुढे गोष्ट गेली, अंगावर हात उगारला, तर मात्र गटाची वाट पाहू नका. ११२ वर पोलिसांची आणि १८१ वर महिलांसाठीची मदत मिळते, आणि जायचे घर आधीच ठरवून ठेवा.

प्रश्न: मी ठाण्यात राहते, आयटी कंपनीत काम करते, वय ३४. कोविडनंतर रोज रात्री एकटीच वाइन पिते, आता अर्ध्या बाटलीवर भागत नाही. घरी कोणालाच माहीत नाही. गटाची चौकशी केली, पण पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने जाऊन ‘मी मद्यपी आहे’ म्हणायचे धाडस होत नाही.

उत्तर: तुमची धास्ती निराधार नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारू पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांचे १.६ टक्के नोंदले गेले, आणि आपल्याकडच्या बहुतेक बैठकांत पुरुषच अधिक दिसतात. पण त्याच कारणाने स्त्रियांसाठी वेगळ्या बैठकाही सुरू झाल्या आहेत, आणि २०२० नंतर ऑनलाइन बैठका रुळल्यापासून कॅमेरा बंद ठेवून, केवळ पहिल्या नावाने ऐकत बसण्याची सोय झाली आहे. माझ्या मते तुम्ही सुरुवात तिथून करावी. एएला फोन कराल तेव्हा सरळ सांगा की स्त्री सदस्याशीच बोलायचे आहे.

प्रत्यक्ष बैठकीला जाल तेव्हा आधी एखाद्या स्त्री सदस्येशी फोनवर बोलून तिच्यासोबत जा. गटात मार्गदर्शक सोबती, ज्याला तिथे स्पॉन्सर म्हणतात, तो पुरुषांसाठी पुरुष आणि स्त्रियांसाठी स्त्री असावा असा संकेत आहे. तो कटाक्षाने पाळा. कोणी पुरुष सदस्य वारंवार खाजगी फोन करू लागला, घरी सोडण्याचा आग्रह धरू लागला, तर भिडेखातर गप्प बसू नका. गटाच्या जुन्या सदस्यांना सांगा, आणि गरज पडल्यास गट बदला. ‘मी मद्यपी आहे’ हे वाक्य उच्चारण्याची सक्ती कुठेच नसते. आणि घरी कोणालाच माहीत नाही, असे तुम्ही लिहिता. बहीण, मैत्रीण, कोणीही चालेल, पण पहिल्या बैठकीआधी एका माणसाला सांगून टाका.

प्रश्न: मी लातूर जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षक आहे. जवळचा गट साठ किलोमीटरवर. रोज जाणे शक्य नाही. माझ्यासारख्याने काय करावे?

उत्तर: आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, साठ किलोमीटर जा; बाजारहाटासाठी किंवा तालुक्याच्या कामासाठी आपण जातोच. उरलेल्या दिवशी ऑनलाइन बैठक आणि एका सदस्याला रोज ठरल्या वेळी फोन, एवढे जमवा. एएचे साहित्य मराठीतही मिळते, ते गटाकडून मागून घ्या. मन फार खचले असेल तर १४४१६ या मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस मदतवाहिनीवर मराठीतही समुपदेशन मिळते. पुढे तुमचे स्वतःचे काही महिने स्थिर गेले की गावातला दुसरा एखादा माणूस जोडीला घेऊन तिथेच बैठक सुरू करता येते. मुळात दोन मद्यपी एकत्र बसले की गट होतो.

प्रश्न: दीड वर्ष सोबर होतो. गटात माझा दारू सोडल्याचा पहिला वाढदिवस झाला, बायकोच्या हस्ते मेडल मिळाले. गेल्या महिन्यात पुतण्याच्या हळदीला ‘एकच घे’ म्हणाले आणि घेतली. आता रोज चालू आहे. गटातल्या लोकांना कोणते तोंड दाखवू? दुसऱ्या गटात नव्याने जावे का? मेडल परत करावे लागते का?

उत्तर: मेडल कोणी परत मागत नाही. ते दीड वर्ष तुम्ही खरोखर न पिता काढले आहे, आणि त्या काळात यकृताला, झोपेला, घराला जे मिळाले ते एका हळदीने पुसले जात नाही. सोबर राहण्याच्या दिवसांची मोजणी नव्याने सुरू होईल, बदल काय तो एवढाच. तुमच्या गटातल्या जुन्या माणसांना विचारलेत तर त्यांतल्या कितीतरी जणांच्या हकिगतीत एक-दोन स्लिप, म्हणजे मध्येच पुन्हा पिणे, निघतील. परत आलेल्या माणसासाठी तिथे टाळ्या वाजतात, त्या मी ऐकलेल्या आहेत.

दुसऱ्या गटात जाऊ नका, निदान आत्ता तरी. नव्या गटात तुम्ही ही दीड वर्षे आणि ही हळद दोन्ही लपवाल, आणि लपवणे हा याच आजाराचा भाग आहे. आपल्या गटात जा, आणि जाण्याआधी स्पॉन्सरला फोन करून एवढेच सांगा की मी पितो आहे, मला न्यायला या. रोज पिऊन महिना झाल्यामुळे सकाळी थरथर, घाम किंवा मळमळ होत असेल तर पहिल्या उत्तरातील सूचना तुम्हालाही लागू आहे, आधी डॉक्टर. आणि मधल्या काळात सहनशक्ती कमी झालेली असल्याने पूर्वीइतकी दारू आता शरीराला झेपत नाही, हेही ध्यानात ठेवा.

गटात परत स्थिरावलात की स्पॉन्सरसोबत बसून पुढच्या वर्षाची दिनदर्शिका उघडा आणि हळद, वरात, गटारी, होळी, ३१ डिसेंबर, कंपनीची पार्टी, जे जे दिसेल त्यावर खूण करा. त्या प्रत्येक दिवशी संध्याकाळी कोणत्या बैठकीला जायचे, कार्यक्रमाला जावेच लागले तर कोणासोबत जायचे आणि जेवणे होताच किती वाजता निघायचे, हे आधी लिहून ठेवा. घरच्या कार्यात ‘एकच घे’ म्हणणाऱ्या नातेवाइकांशी तुम्ही स्वतः वाद घालत बसू नका. कार्याच्या आदल्या दिवशी तुमच्या पत्नीने किंवा भावाने त्यांना फोन करून तुम्हाला आग्रह न करण्याविषयी स्पष्ट सांगावे.